फळावरची माशी

चित्रकलेनें मन प्रसन्न करावें, स्वयंपाकघरांतील भाजीपाला आणि त्याची नासाडी तिनें दाखवूं नये, असा आक्षेप नव्या चित्रकारांवर नेहमीं घेण्यांत येतो. हा आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडीं असतो, म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

प्राजक्ता पोतनीस यांचेंच उदाहरण घ्या. १९८० सालीं ठाण्यास जन्मलेल्या आणि सर ज. जी. कलाशाळेंत शिकलेल्या या बाई केवळ रंग-कुंचल्यावर थांबत नाहींत. छायाचित्र आणि वस्तुरचना हींहि त्यांचीं साधनें आहेत. त्यांच्या ‘कॅप्सूल’ या छायाचित्रमालेंत फ्रीजचा बर्फाळ कप्पा ओसाड हिमप्रदेशासारखा भासतो, आणि त्यांतील फ्लॉवरचा गड्डा अणुस्फोटाच्या ढगासारखा! १९५९ सालीं मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनांत निक्सन आणि क्रुश्चेव्ह यांनीं नमुन्याच्या स्वयंपाकघरांत उभे राहून आपापल्या राज्यपद्धतीच्या श्रेष्ठत्वाचा वाद घातला. त्या वादाचेंच नांव देऊन बाईंनीं ‘द किचन डिबेट’ ही कृति २०१४ मध्यें बर्लिन येथें मांडली. ओट्याशेजारचें यंत्र दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं, हें त्यांचें म्हणणें.

हीं परदेशी थेरें आहेत, असें कोणी म्हणेल. पण मग दिवाणखान्यांत टांगलेली फळांची परडी तरी कोठली? सतराव्या शतकांतील डच चित्रकार भरगच्च मेजें रंगवीत, तेव्हां अर्धवट सोललेलें लिंबू आणि फळावर बसलेली माशीहि रंगवीत. समृद्धीच्या पोटींच नाश असतो, याची ती आठवण. आपण फळें तेवढीं उचललीं आणि माशी वगळली!

या वगळण्याचें फळ पिंपरी-चिंचवडच्या परिसरांत डोळ्यांपुढें आहे. कांदा-बटाट्याच्या बाजाराबद्दल नांवाजलेल्या चाकणच्या आसमंतांत आतां मोटारींचे कारखाने उभे आहेत. उद्योगांशीं माझें वैर नाहीं; १९५४ सालीं पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनें बुरशीपासून पेनिसिलिन बनवून देशावर उपकारच केले. परंतु आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस वारंवार तरंगतो, तो कारखान्यांच्या सांडपाण्याइतकाच आपल्या मोरींतून वाहणाऱ्या पाण्याचाहि आहे. वारकरी त्याच पाण्यांत स्नान करतात. आणि आपलीं नगरें काय करतात? भिंतींवर आणि पुलांच्या खांबांवर कमळें, पक्षी आणि हिरवीं रानें रंगवितात!

असला रंगीत निसर्ग ही कला नव्हे, ती सारवासारव आहे. सार्वजनिक पैशानें चित्रें काढावयाचीं असतील, तर फ्लॉवरच्या गड्ड्यांत स्फोट पाहणाऱ्या कलावंतांना त्या भिंती द्याव्या. लोकांना तीं चित्रें आवडणार नाहींत, हें मला ठाऊक आहे. आरशाची खोडी तीच. परंतु नदी निर्मळ होईपर्यंत भिंतीवरचीं कमळें थांबलीं, तर कलेचें कांहींच बिघडणार नाहीं.