उचल लगेच मिळत नाही

संक्रांतीला आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या गच्च्यांवर पतंग चढतात. सपाट कागद, दोन कामट्या. वरची बाजू फुगीर नाही, खालची चपटी नाही. तरी उडतो. मग विमान का उडतं, याचं परीक्षेत आपण लिहिलेलं उत्तर काय होतं? 'पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेसोबतच मागच्या टोकाला पोचायचं म्हणून ती जोरात पळते.' वाचायला छान. पण सोबतच पोचायचा करार त्या दोघींनी कधी केला? प्रयोगात तर वरची हवा आधीच पोचते. म्हणजे पूर्ण मार्क देणारं उत्तर चूक आहे.

खरं कारण हवेच्या चिकटपणापासून सुरू होतं. पातळ पंख जरा तिरपा धरून पुढे नेला की खालची हवा मागच्या धारेवरून वर वळायला बघते. चिकटपणामुळे तिला ते वळण जमत नाही. तिथे एक भोवरा सुटतो, मागे राहतो, आणि त्याच्या उलट दिशेचा फेरा पंखाभोवती बसतो. वर हवा वेगवान, खाली संथ. पंख हवेला खाली लोटतो, हवा पंखाला वर. हीच उचल.

ती एकदम मिळत नाही, हे विशेष. पंखाला अचानक वेग दिला तर सुरुवातीला अर्धीच उचल मिळते, असं हर्बर्ट वाग्नर यांनी १९२५ मध्ये गणिताने दाखवलं. पंखाच्या रुंदीच्या सातपट अंतर कापल्यावर ती सुमारे ९० टक्के होते. बगीचा विकणाऱ्याला हे सांगायला नको: आधी हाती इसार, बाकीचे पैसे मागाहून.

पण ज्याला थांबायला वेळच नाही, त्याने काय करावं? संत्र्यावर कोळशी आणणाऱ्या काळ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या असतात, एन्कार्शिया वंशातल्या. लांबी मिलिमीटरभरही नाही. एवढ्या जीवाला हवा काकवीसारखी वाटत असेल. त्यांच्याच एका बहिणीचं उडणं टोर्केल वाइस-फॉग यांनी १९७३ मध्ये मांडलं. ती सेकंदाला सुमारे ४०० वेळा पंख मारते. दर वेळी दोन्ही पंख पाठीवर टाळीसारखे मिटते आणि झटक्यात उघडते. मधल्या फटीत हवा घुसते, दोन्ही पंखांभोवती एकमेकांच्या उलट फेरे तयार होतात. भोवरा सुटायची वाट बघावी लागत नाही. उचल लगेच!

आमच्याकडची पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात, कॉलेजात इंग्रजी. तिन्ही भाषांत पाठ करतात तेच एक चूक उत्तर. पतंग हातात असून 'सर, मग हा कसा उडतो?' असं कोणी विचारत नाही, कारण विचारल्याचे मार्क नसतात.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. ते उत्तर शिकवणं बंद करा. 'पूर्ण कारण पुढच्या वर्गात' असं सांगितलं तरी चालेल, ते निदान खरं असेल. आणि आपल्या मंडळाच्या अंकात कविता-कथांच्या शेजारी असं एक पान ठेवा. 'उचल' हा शब्द आपल्याकडे होताच. तो व्यापाऱ्याच्या वहीत आहे, तसा पंखाच्या गोष्टीतही येऊ द्या.