बारा चौरस फुटांचा गुन्हा

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक मावशी खानावळ चालवते. आठ बाय दहाचा गाळा, तोही भाड्याचा. एक चूल, दोन बाकडी, पाण्याचं पिंप. गोदीतली पाळी सुटली की आम्ही ठेक्यावरची पोरं तिथंच जेवतो. पैसे नसले तर मावशी वहीत लिहिते आणि महिनाअखेरीपर्यंत वही उघडत नाही.

मार्चात समोरचा रस्ता काँक्रीटसाठी खणला. कडेनं माणसाच्या डोक्याच्या वर जातील एवढे पत्रे ठोकले. पत्र्यांच्या मागं मावशीचा गाळा गडप झाला. चाळीस ताटं जायची तिथं बारा जायला लागली. उरलेलं मटण टाकवत नाही आणि उद्याला टिकत नाही.

त्याच पत्र्यावर ठेकेदाराचा बोर्ड होता. काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मावशीनं तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "त्येचं काम चालू हाय म्हनून त्येचा बोर्ड. मग माजी चूल चालू हाय, माजा का न्हाई? तू कविता करतुस न्हवं? दोन अक्षरं माज्यासाठी लिव की."

मांजरपाटाचा तुकडा घेतला. चार फूट रुंद, तीन फूट उंच. लाल रंगानं लिहिलं: 'खानावळ चालू आहे. पत्र्यामागून आत या. मटण-भाकरी.' खाली मावशीचं नाव घालायचं ठरलं. तिचा पोरगा म्हणाला, आई, आडनाव नको, गिऱ्हाईक तुटेल. मावशी म्हणाली, "तुटतंय ते तुटू दे. हात माजं, भाकरी माजी, आन नाव का लपवू?" मी आडनाव मोठ्या अक्षरात काढलं. ते इथं छापत नाही. छापलं तर वाचणारा आधी जात काढील आणि मग पुढचं वाचील. दोन माणसं ते आडनाव वाचून खरंच परत फिरली. पण नवी दहा-बारा आली. माझ्या कविता आजवर जेवढ्यांनी वाचल्या असतील त्याहून जास्त लोकांनी ते फडकं वाचलं.

अकरा दिवस टिकलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आली. चार माणसं उतरली, फडकं ओढून काढलं, बाहेरचं एक बाकडंही उचललं. पावती नाही, पंचनामा नाही. वर दम दिला, पुन्हा लावलंस तर केस करू.

मी एक पाळी बुडवून मावशीबरोबर वॉर्ड ऑफिसात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब म्हणाले, अर्ज ऑनलाइन करा. दुसऱ्या खेपेला म्हणाले, पत्रे सार्वजनिक आहेत, तिथं परवानगी मिळतच नाही, स्वतःच्या गाळ्यावर लावा. गाळा पत्र्यामागं, मग पाटी वाचणार कोण? उंदीर? तिसऱ्या खेपेला मावशीनं सरळ विचारलं, "सायेब, त्याच पत्र्यावर वीस फुटाचा बॅनर हाय. त्यो का न्हाई काढला?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मावशी, तो काढला तर तुमचीच पोरं दगड घेऊन येतील."

ह्या वाक्याकडं मी पुन्हा येणार आहे. आधी कायदा बघू.

महाराष्ट्रात 1995 साली मालमत्तेचं विद्रूपण रोखण्याचा कायदा झाला. लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी स्थानिक प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईपुरतं बोलायचं तर त्याच्याही आधीपासून 1888 चा महापालिका कायदा आहे. त्यातलं कलम 328 आणि 328अ जाहिरातींच्या फलकांबद्दलच आहे. ह्यातल्या एकाही कलमात असं लिहिलेलं नाही की फलकावर पुढाऱ्याचा चेहरा असेल तर सोडा आणि भाकरीचा भाव असेल तर उचला.

नियमच नकोत असं मी म्हणत नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर फलक कोसळला, 17 माणसं मेली. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फूट. हा फलक सुमारे 120 बाय 120 चा, म्हणजे नऊ पट. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. माणसं चिरडली गेल्यावर परवानगी कुणाची लागते ह्यावर सरकारी खात्यांची ढकलाढकल चालू झाली. हिशेब करा. त्या एका फलकात मावशीची बाराशे फडकी मावली असती. बाराशे फडक्यांएवढं लोखंड उभं राहताना कुणाला दिसलं नाही, आणि एक फडकं अकरा दिवसांत दिसलं. ह्या नजरेचा चष्मा कुणी बनवला ते शोधायला पाहिजे.

कोर्टानं सांगून झालंय. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेत 31 जानेवारी 2017 ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की बेकायदा फलक काढा, गुन्हे नोंदवा. आमचे कार्यकर्ते असले फलक लावणार नाहीत अशी हमी राजकीय पक्षांनी कोर्टाला दिली होती. पुढं काय झालं? 2024 साली विधानसभेच्या निवडणुकीनंतर त्याच कोर्टाला पक्षांना विचारावं लागलं की तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये. सात वर्षं गेली. सात वर्षांत पुढाऱ्यांचे दात तेवढे जास्त पांढरे छापले जायला लागले.

दुकानाच्या पाटीवरून भांडणं बडे लोकही करतात. 2022 साली कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती झाली. व्यापाऱ्यांची संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. 25 सप्टेंबर 2023 ला कोर्टानं पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्यांच्यापाशी वकील होते म्हणून त्यांच्या पाटीला महिने मिळाले. मावशीच्या पाटीला दोन मिनिटं मिळाली नाहीत, आणि तिची पाटी तर पहिल्या अक्षरापासून मराठीत होती.

आणि जाहिरात म्हणजे फक्त शेटजीचा चोचला, असंही समजू नका. 1995 सालीच टाटा प्रेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धंद्याची जाहिरात हीसुद्धा घटनेच्या कलम 19 मधल्या भाषणस्वातंत्र्यात येते. तो खटला टेलिफोनच्या पिवळ्या पानांवरच्या जाहिरातींचा होता. कंपनीच्या पिवळ्या पानाला जे संरक्षण आहे ते मावशीच्या मांजरपाटाला का नाही? वाजवी बंधनं घाला, जरूर घाला. पण ती कंपनीला आणि खानावळीला एकाच फूटपट्टीनं घाला.

आपल्या माणसांसाठी पाटी ही नुसती जाहिरात नसते, दोस्तांनो. 1917 साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला आले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. पोटासाठी त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा महार आहे हे गिऱ्हाइकांना कळलं आणि धंदा बसला. सल्ला खोटा नव्हता, जात खरी होती एवढंच. तिथून इथपर्यंत आपल्यातल्या किती जणांनी दुकानाला देवाचं नाव, गावाचं नाव, पोरीचं नाव दिलं आणि आडनाव गल्ल्यात ठेवलं, ते तुम्हाला माहीत आहे.

2024 च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात उलटं झालं. कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकांची नावं लावावीत असा पोलिसांचा हुकूम निघाला. कुणाच्या हातचं खायचं नाही हे यात्रेकरूंना कळावं, दुसरं काय? 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. कसलं अन्न विकता ते सांगायला लावा, पण नावांची सक्ती नको, असं म्हटलं. म्हणजे आपलं नाव लोकांपुढं कधी यावं हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. मावशीनं ते स्वतः ठरवलं. गाडीवाल्यांनी आडनाव वाचून फडकं काढलं असं मी म्हणत नाही. त्यांनी ते वाचलंसुद्धा नसेल. आपल्या मर्जीनं नाव लावायला एका बाईला पन्नास वर्षं लागली आणि ते काढायला चार माणसांना अर्धा मिनिट लागला, एवढंच म्हणतो.

आता साहेबांच्या वाक्याकडं येतो. तुमचीच पोरं दगड घेऊन येतील.

त्या दिवशी माझं डोकं सणकलं. वाटलं, हा आपल्या जातीवर बोलला. पण तो वीस फुटी बॅनर कुणाचा होता? आपला होता. 14 एप्रिलच्या शुभेच्छांचा. वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे बाबासाहेब. मधोमध आपला भाऊ, काळा गॉगल, हात जोडलेले. खाली शुभेच्छुक, मोजून सत्तावीस फोटो. एकविसावा फोटो माझा. परवानगीचा नंबर कुठंच नव्हता, कारण परवानगी मागायची असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. रात्री बारा वाजता तो बांधला तेव्हा शिडी मी धरली होती. बॅनरची कड मावशीच्या फडक्यावर आली. मटण-भाकरी ही अक्षरं झाकली गेली. मी बघितलं आणि म्हटलं, राहू दे, सकाळी बघू. सकाळी बघितलं नाही. गाडी आली ती त्यानंतर.

म्हणजे मावशीची पाटी अर्धी आम्ही मारली, उरलेली वॉर्ड ऑफिसानं मारली. साहेब भित्रा असेल, लाचार असेल, पण त्या दिवशी तो खोटं बोलला नाही. आपल्या दगडाची भीती त्याला आहे आणि ती भीती आपण पुढाऱ्याच्या गॉगलसाठी खर्च केली. ज्यांच्या राखणीसाठी संघटना उभी राहिली त्या बाईच्या भाकरीवर आपण भाऊचा चेहरा टांगला. प्रस्थापितांचे बॅनर मोजायला आपल्याला दहा बोटं पुरत नाहीत. आपला एक मोजायला लाज वाटते.

बॅनर आम्ही उतरवला. भाऊ रागावला. रागावू दे. बाबासाहेबांचा कोपरा मावशीनं कात्रीनं नीट कापून घेतला आणि चुलीपासून लांब, आतल्या भिंतीवर लावला. बाकीचं फ्लेक्स पावसाआधी गाळ्याच्या छपरावर गेलं. भाऊ आणि आम्ही सत्तावीस जण आता पालथे पडून मावशीचं छप्पर राखतो. जन्मात पहिल्यांदा त्या फोटोंचा कुणाला तरी उपयोग झाला.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक: रस्ता खणून ज्यांची दुकानं पत्र्याआड टाकली त्यांना काम संपेपर्यंत त्याच पत्र्यावर ठरावीक मापाची पाटी फुकट लावू द्या. खड्डा तुमचा आहे, दंड आमचा कसा?

दोन: छोट्या तात्पुरत्या पाटीसाठी एक पानी मराठी अर्ज ठेवा, तो खिडकीवर घ्या आणि त्याच दिवशी हो किंवा नाही ते लेखी सांगा. ज्या बाईला स्वतःच्या नावापलीकडं वाचता येत नाही तिला ऑनलाइनचा रस्ता दाखवणं म्हणजे हाकलणं.

तीन: जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची जागेवर पावती द्या. पावतीशिवाय उचललेल्या बाकड्याला आमच्या भाषेत चोरी म्हणतात.

चार: ही मागणी आपली आपल्याकडंच आहे. ह्यापुढं आपल्या संघटनेचा एकही बॅनर परवानगीशिवाय लागणार नाही आणि कुठल्याही दुकानाच्या पाटीवर चढणार नाही. 14 एप्रिललाही नाही, 6 डिसेंबरलाही नाही. ज्यानं कायद्यापुढं सगळे समान असं घटनेत लिहवून घेतलं, त्याच्या नावानं आपण सवलत मागायची नाही.

आणि नुसत्या मागण्या लिहून बसायचं नाही. माहितीचा अधिकार 2005 सालापासून हातात आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. वॉर्ड ऑफिसाला तीन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षभरात दुकानदारांच्या आणि फेरीवाल्यांच्या किती पाट्या उचलल्या? राजकीय पक्षांचे किती फलक उतरवले? दोन्हींत गुन्हे किती नोंदवले? एका वस्तीतून एक अर्ज गेला तर तो फायलीखाली जाईल. पन्नास गेले तर फाइल उघडावी लागेल. आपल्या दगडाला घाबरणारा साहेब आपल्या अर्जाला घाबरला पाहिजे.

मावशीचं फडकं आणि बाकडं अजून परत आलेलं नाही. रविवारी संध्याकाळी खानावळीत या. प्रत्येकानं दहा रुपयांचं तिकीट आणावं. अर्ज लिहायला मी बसतो. आणि जेवलात तर रोख पैसे द्या, मावशीची वही भरलीय.

जयभीम.