संगणक कक्षाचे कुलूप

आमच्या निवासी शाळेत संगणक आले तेव्हा आम्ही शिक्षकांनी सर्वांत आधी पाटी लावली : 'कृपया हात लावू नये.' यंत्रे महाग. बिघडतील ही धास्ती होती. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली कोणता हक्क बजावला गेला, हे आम्ही वर्गात शिकवीत होतो आणि शेजारच्या खोलीला कुलूप घालीत होतो. ही विसंगती इतिहासाच्या शिक्षकांच्याही ध्यानी उशिरा आली, याची खंत आहे.

राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमतची मुले ते प्रमाणपत्र मिळवितात व नोकरीच्या अर्जास जोडतात. त्यास आमचा विरोध नाही. परंतु तासभर टंकलेले पान वीज जाताच नाहीसे झाले, की मूल स्वतःलाच दोष देते. चालू काम रॅममध्ये असते, ती विजेवर जगते. 'सेव्ह' केलेले हार्ड डिस्कवर उतरते आणि टिकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. फळा आणि वही यांत जो फरक, तोच हा. वीजजोड काढून पेटी उघडावी, रॅमची पट्टी मुलांच्या हाती द्यावी. (तिची टोके खोडरबराने पुसल्यावर रुसलेला संगणक कित्येकदा सुरू होतो, हा आमचा अनुभव.)

'नेट नाही' म्हणून तास रद्द करणेही अज्ञानच. एका खोलीतील संगणक स्विच आणि केबलने जोडले, की इंटरनेटविनाही एकमेकांना फाइली देतात.

आमचा सर्वाधिक आग्रह मात्र स्प्रेडशीटचा. गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याकडे असे. राबणाऱ्याला आपल्या नावापुढील आकडा वाचता येत नसे. आज हजेरी, मजुरी, शिष्यवृत्ती सारे ओळी आणि स्तंभांत मांडले जाते. म्हणून वसतिगृहाच्या शिध्याचा हिशेब मुलांनीच मांडावा. बी स्तंभात किलो, सी स्तंभात दर, डीमध्ये 'बी२ गुणिले सी२' हे सूत्र, खाली बेरीज. डाळीचा दर बदलला की महिन्याचा खर्च आपोआप बदलतो. पण सूत्र चुकले तर बेरीज नीटनेटकी दिसूनही खोटी असते; तेव्हा चौकटीवर क्लिक करून आतील सूत्र पाहण्याची सवय हवी. बाबासाहेबांच्या १९२३ च्या रुपयाविषयक ग्रंथातील कोष्टके ज्यांनी चाळली आहेत, त्यांना हा आग्रह परका वाटणार नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे आम्ही नवे संगणक मागत नाही. आठ पोर्टांचे एक स्विच, थोडी केबल आणि महिन्यातील एक रविवार द्यावा. पाटी काढली आहे. कक्षाची किल्ली यंदापासून दहावीच्या मुलींकडे राहील.