सातवी जागा



जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. ज्या देशात हे चालते, तिथे विद्यापीठात जातीचे समाजशास्त्र शिकवणार कोण? ५ मार्च २०१८ च्या यूजीसी परिपत्रकाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग मोजायला सांगितले. रोस्टर म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवायला नको! त्या बिंदूंत सातवी जागा अनुसूचित जातीची, चौदावी जमातीची. विभागात जागाच चार असतील, तर सातवी उगवणार कधी? ओरड झाली, तेव्हा २०१९ च्या कायद्याने विद्यापीठ पुन्हा एकक झाले. तेही केंद्रीय संस्थांपुरते. राज्याच्या प्रत्येक विद्यापीठाला हाच नियम लावा. आणि ‘योग्य उमेदवार नाही’ असा शेरा मारून जागा रिकामी ठेवणाऱ्या निवड समितीकडून लेखी कारण घ्या.