निष्काळजीपणाचा नवा कायदा आणि आपण

कायदा संमत झाला म्हणजे तो अंमलांत आलाच असें नव्हे. भारतीय न्याय संहिता डिसेंबर २०२३ मध्यें संमत झाली व १ जुलै २०२४ पासून लागू झाली. परंतु तिच्या कलम १०६ चें दुसरें पोटकलम तेवढें त्या दिवशीं मागें ठेवण्यांत आलें.

निष्काळजीपणानें मृत्यु घडविणारास जुन्या दंड संहितेंत फार तर दोन वर्षांची कैद होती. नव्या संहितेनें ती पांच वर्षांपर्यंत वाढविली. मागें ठेवलेलें पोटकलम ह्याहून कडक आहे. बेफिकिरीनें वाहन हांकून ज्यानें मृत्यु घडविला, व जो पोलिसांस किंवा मॅजिस्ट्रेटास लगेच वर्दी न देतां पळाला, त्यास दहा वर्षांपर्यंत कैद. ह्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभीं ट्रकचालकांनीं संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि वाहतूकदारांशीं विचारविनिमय करूनच पुढील निर्णय घेऊं, असें सरकारनें सांगितलें.

चालकांचें गाऱ्हाणें अगदींच पोकळ नाहीं. थांबावें तर जमाव मारतो, न थांबावें तर तुरुंग, असें ते म्हणतात. परंतु कलमाचे शब्द नीट वाचावे. तें थांबावयास सांगत नाहीं, वर्दी द्यावयास सांगतें. जिवाच्या भीतीनें गाडी पुढें नेऊन जवळच्या चौकींत जो हजर झाला, तो पळपुटा नव्हे. दूरध्वनीनें दिलेली वर्दीही पुरेशी आहे, असें स्पष्ट लिहून हें कलम अवश्य लागू करावें, असें आमचें मत आहे. कारण रस्त्यावर पडलेल्या मनुष्यास आपली बाजू मांडतां येत नाहीं.

आपल्या अकलूजास हा विषय दूरचा नव्हे. गाळपाच्या हंगामांत उंसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. आषाढीच्या आधीं तुकोबांच्या पालखीबरोबर हजारों वारकरी पायीं येतात. ट्रॉलीच्या मागें तांबडा दिवा नसणें हाही निष्काळजीपणाच होय.

जमावानेंही हात आवरावा. जखमीस मदत करणारास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नें संरक्षण दिलें आहे, व इंग्रजींत त्यास शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्याचेंच नांव आहे. मारणारे पुष्कळ व उचलणारा एकही नाहीं, असें आपल्या गांवीं न होवो.

पालकांसही एक विनंति. अल्पवयी मुलाच्या हातून गाडीचा अपराध घडल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, असें त्याच कायद्याचें कलम १९९-अ सांगतें. तें केव्हांच अंमलांत आलें आहे. तेव्हां मुलाच्या हातीं किल्ली देण्यापूर्वीं त्याचें वय मोजावें. दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागते. घरच्या कायद्यास आजचा दिवस पुरे.