डोंगर कोण सांगणार?

आपल्या शहापूर-मुरबाडकडे कुणी फिरकत नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. आषाढ लागला की रविवारी सकाळी आसनगाव स्टेशनवर पाठीला पिशव्या अडकवलेल्या तरुण-तरुणींची रीघ लागते. माळशेज घाटात मोटारींच्या रांगा उभ्या राहतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. म्हणजे ही गर्दी यापुढे वाढणार, हे उघड आहे. तेव्हा किती माणसे येतात हा प्रश्न आता राहिलेला नाही. आलेला माणूस इथून काय घेऊन परत जातो, हा खरा प्रश्न आहे. प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर भिजलेले कपडे, पायाला आलेले फोड आणि मोबाइलमधली शंभर छायाचित्रे, यापलीकडे बहुतेकांच्या पदरात काही पडत नाही.

याचा दोष मी पाहुण्यांना देणार नाही. घर दाखवायचे काम यजमानाचे असते. आणि आपले घर असे आहे की ते दाखविल्याशिवाय दिसत नाही. आपल्याकडे राजवाडा नाही, संगमरवरी समाधी नाही, तिकीट काढून आत शिरावे असे मोठे संग्रहालय नाही. जे आहे ते सारे डोंगरावर आणि रानात विखुरलेले आहे. सांगणारा बरोबर नसेल तर किल्ला म्हणजे पडक्या भिंती, लेणे म्हणजे अंधारी खोली आणि रान म्हणजे नुसता हिरवा रंग.

माहुलीचेच पाहा. दमछाक करून, शेवटी लोखंडी शिडी चढून माणूस माथ्यावर पोचतो, चार बाजूंना पाहतो आणि उतरायला लागतो. आपण उभे आहोत तो एक गड नसून पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी तीन गडांची जोडमाळ आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. १६३६ साली निजामशाही वाचविण्याची शहाजीराजांची शेवटची धडपड याच गडावर वेढ्यात संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे होते. १६७० साली मराठ्यांचा पहिला हल्ला इथे फसला आणि त्याच वर्षी पुन्हा चाल करून त्यांनी गड घेतला. हार खाऊन परत चढणाऱ्या माणसांची ही कथा कड्यावर उभे राहून ऐकली, तर खालच्या दरीची खोली निराळीच वाटते. न ऐकता पाहिली, तर ती छायाचित्रातली पार्श्वभूमी होते.

नाणेघाटाची गोष्ट याहून जुनी. घाटमाथा जुन्नरचा, पण चढण आपली. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून ती वाट वर जाते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची, त्यात मोजदाद आहे. ती मोजदाद अंकांत आहे आणि ही अंकचिन्हे भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पुतळे गेले. वर कोरलेली नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. वा. वि. मिराशी यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सातवाहनांचे हे लेख मराठी वाचकांपुढे मांडले. पण ग्रंथ कपाटात आणि लेख डोंगरात. या दोहोंच्या मध्ये बोलणारे कुणी नाही, म्हणून लेण्याच्या दाराशी बसून डबा खाणाऱ्याला आपल्या पाठीशी काय आहे ते कळत नाही.

आणि सिद्धगड? २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या गडाच्या रानात ब्रिटिशांच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मे झाले. बेचाळीसच्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या दस्त्याला आसरा दिला तो याच डोंगरांनी. दरवर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात, हार घालतात. उरलेले ३६४ दिवस त्या वाटेने जाणारा माणूस हुतात्म्यांच्या भूमीवरून जातो आणि धबधबा कुठे आहे, एवढेच विचारतो.

गेल्या पावसाळ्यात माहुलीच्या पायथ्याशी मुंबईच्या एका कुटुंबाने तिथल्या एका मुलाला विचारले, "इथे बघायला काय आहे रे?" तो म्हणाला, "काही नाही साहेब, किल्ला आहे." मी शेजारीच चहा घेत होतो. ते "काही नाही" मला फार लागले. तो मुलगा काही खोटे बोलत नव्हता. त्याच्या पुस्तकांत इतर ठिकाणचे किल्ले होते. त्याच्या दारातला नव्हता. जी गोष्ट आपल्याला कुणी मोलाची म्हणून सांगितली नाही, ती पाहुण्याला मोलाची म्हणून कशी सांगणार?

येथे कुणी म्हणेल, माहितीच्या पाट्या लावा म्हणजे झाले. पाट्या हव्यातच. पण पाटीवर सन आणि नावे असतात. पाटी प्रश्न ऐकून घेत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी फ्रीमन टिल्डन या लेखकाने १९५७ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे मुख्य म्हणणे असे की, माहिती पुरविणे वेगळे आणि उलगडून सांगणे वेगळे. समोरच्या वस्तूचे पाहणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्याशी नाते जोडून दिले नाही, तर सांगितलेले सारे वाया जाते. हे त्याने तिकडच्या अरण्यांविषयी म्हटले असले, तरी आपल्याकडे ते तंतोतंत लागू पडते. कारण येणारा पाहुणा बहुधा मुंबईचा असतो आणि मुंबईच्या माणसाचे आपल्या भूमीशी असलेले नाते त्याच्या घरातल्या नळातून रोज वाहत असते.

तानसाचे धरण १८९२ मध्ये झाले, वैतरणेवरचे मोडकसागर १९५७ मध्ये. मुंबईच्या पाण्यात आज सर्वांत मोठा वाटा आहे तो भातसाचा. माहुलीच्या भोवतीचे तानसा अभयारण्य या पाण्याची राखण करते. १९९७ साली एकशे तेरा वर्षांनी खानदेशात पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ मध्ये याच तानसाच्या रानात आढळला. हे सारे पाहुण्याला अभिमानाने सांगावे. पण त्याच दमात हेही सांगावे की, धरणे ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात आयाबाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. काहींना हे पाहुण्यापुढे रडगाणे गाणे वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या भूमीचा इतिहास सांगायचा, तिचा वर्तमान लपवून कसे चालेल? तलाव पाहून "किती सुंदर!" म्हणणाऱ्याला त्या सौंदर्याचा हिशेब कळला, तर तो घरी जाऊन निदान नळ जपून सोडील.

मग हे सांगायचे कुणी? माझे मत स्पष्ट आहे. जो या रानात राहतो त्यानेच. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांतल्या माणसांना रानाच्या वाटा ठाऊक आहेत, एवढेच आपण धरून चालतो. म्हणून त्यांना वाटाड्या म्हणून पुढे घालतो आणि माथ्यावर पोचलो की त्यांच्याशी बोलणे संपवतो. वास्तविक कारवी सात वर्षांनी फुलते आणि तिच्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात, मोहाची फुले कधी वेचायची, कोणत्या कंदाला आधी रात्रभर पाण्यात ठेवावे लागते, कोणत्या ओहोळाला दुपारनंतर अचानक लोंढा येतो, ही विद्या त्यांच्यापाशी आहे. शेवटची गोष्ट तर जिवावरची आहे. दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात, तरी माणसे वाहून जातात. "जाऊ नका" असे सांगणारा कागद पायथ्याशी असतो. "इथून पाहा, तिथे पाय ठेवू नका" असे सांगणारा माणूस काठावर नसतो.

ताडोबाच्या जंगलात शिरणाऱ्या सफारीच्या गाडीबरोबर मार्गदर्शक असतो आणि तो आसपासच्या गावांतला असतो. वाघ नसलेल्या आपल्या रानात तसे का होऊ नये? वडापाव विकणे आणि मोटारी उभ्या करायची पावती फाडणे, एवढाच रोजगार आपल्या मुलांच्या वाट्याला का यावा? कल्याणच्या गाडीला लोंबकळत नोकरीला जाणाऱ्या आमच्या पिढीला दारातल्या डोंगरावर दोन दिवसांचे मानाचे काम मिळाले, तर ते लहान नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, गावची माणसे इतिहास सांगत नाहीत, दंतकथा सांगतात. नाणेघाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, आजापर्वतावर वाल्मीकींचा आश्रम होता आणि सीता तिथे राहिली, असे ते सांगतात. सांगू देत की! पण "लेखात असे आहे" आणि "आमचे लोक असे मानतात" ही दोन वाक्ये वेगवेगळी म्हणायला शिकले पाहिजे. लेखाने राणीचे दान कळते; दंतकथेने या डोंगराखाली राहणाऱ्यांचे मन कळते. पाहुण्याला दोन्ही हवे असते. फक्त एकाच्या जागी दुसरे ठेवून त्याला फसवू नये.

दुसरा आक्षेप असा की, ओळख वाढली की गर्दी वाढेल आणि रानाची नासाडी होईल. पण गर्दी तर आलेलीच आहे. अज्ञानी गर्दीने भिंतीवर नावे कोरली आणि ओढ्यात बाटल्या टाकल्या. ज्याला जागेची गोष्ट कळली, तो सहसा तिच्यावर आपले नाव कोरत नाही. आणखी एक वर्ग आहे, तो सरकारी मान्यतेची वाट पाहतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत आपला माहुली नाही. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. यादीत नाव आल्याने गड बोलू लागत नाही. तो बोलतो ते त्याच्या पायथ्याच्या माणसांच्या तोंडून.

म्हणून माझी सूचना आपल्या महाविद्यालयापुरतीच आहे. दोन्ही तालुक्यांतली मुले इथे शिकतात. काहींची घरे तर थेट गडाखाली आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एका वर्षी माहुली गावात न्यावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी गडाचा कालक्रम पडताळावा, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी वाटेचा नकाशा काढावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडून झाडांची, ओढ्यांची, खिंडींची नावे आणि गोष्टी लिहून घ्याव्यात. मग सर्वांनी मिळून वाटेवरच्या सहा जागा ठरवाव्यात. प्रत्येक जागी थांबून पाच मिनिटे काय सांगायचे, ते सोप्या मराठीत लिहावे आणि गावातल्या दहा तरुण-तरुणींबरोबर बसून पुन्हापुन्हा बोलून पाहावे. त्यांनी आपल्या चुका दुरुस्त कराव्यात, आपण त्यांच्या. पुढच्या वर्षी नाणेघाट, त्याच्या पुढच्या वर्षी सिद्धगड. याला फार पैसा लागत नाही. लागतात ते पाय, कान आणि वही.

आणि हे लवकर करायला हवे. पाड्यावरची जी आजी आज प्रत्येक ओहोळाला नावाने ओळखते, तिची नातवंडे त्या सगळ्याला एकच नाव देतात: "वॉटरफॉल". ती नावे एकदा गेली, की कोणत्याही कोरीव लेखात ती सापडणार नाहीत. कारण ती कुणी कोरलेलीच नाहीत. पाहुण्यांना भूमी समजावून सांगायची, या निमित्ताने ती आपल्यालाही समजेल. मग पायथ्याच्या मुलाला कुणी विचारले, "इथे बघायला काय आहे?" तर तो म्हणेल, "बसा साहेब, जरा वेळ आहे ना? सांगतो."