उदककुंभ आणि बाटली

आज अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतील हा शुभदिन आज घरोघरी उदककुंभदानाने साजरा होत आहे. वैशाखाच्या उन्हात पाण्याने भरलेली घागर सत्पात्री द्यावी, पितरांना तिलोदक अर्पावे, असे आपल्या शास्त्राने सांगितले. त्या पाण्याचे मोल मात्र कोठे सांगितले नाही. चैत्रापासून गावोगावी पाणपोया उघडत, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या रांजणातून वाटसरूस ओगराळ्याने पाणी मिळे, ते याच भावनेने. आज त्याच वाटेवरील टपरीत लिटरभर पाणी बाटलीत भरून विकले जाते आणि त्याचे कोणास काहीच वाटत नाही.

क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट, माहुली, कराडचा प्रीतिसंगम आणि औदुंबर पावन करीत सांगलीस येते. जिची आपण ओटी भरतो, त्या मातेचे पाणी ओठाला लावण्यास आपण आज कचरतो. हे भय निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. शहरांचे सांडपाणी तिच्यात मिसळते, हे उघड आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीनजीक तिच्या पात्रात मृत माशांचा खच पडला होता. परंतु ज्याला परवडते तो बाटली घेऊन मोकळा होतो आणि नळाविषयीची त्याची तक्रार तेथेच थांबते. वास्तविक नगरपालिकेत त्याच्याच शब्दाला वजन असते! मागे उरतो तो नळावाचून दुसरा आधार नसलेला गरीब, आणि माण, खटाव, आटपाडी, जत येथील टंचाईच्या वर्षांत टँकरची वाट पाहत बसणारी माउली.

बरे, बाटलीतील पाणी तरी निर्मळ आहे काय? अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत एका लिटरमध्ये सरासरी सुमारे दोन लक्ष चाळीस हजार प्लास्टिककण आढळले. बाटली घडते खनिज तेलापासून. आतील पाणी शुद्ध करताना त्याचा काही भाग वाया जातो. आणि रिकामी बाटली अखेर घाटाच्या पायरीशी येऊन अडकते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकरांना याच बाटल्यांनी आधार दिला, हे आम्ही विसरलेलो नाही. आपत्काळी बाटली यावीच; नित्याच्या दिवशी तिचे काय काम? पाणी देण्याची थोर रीत या भूमीस ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली गाडी तृषार्त लातुरास गेली. ते पाणी कृष्णेचेच होते.

आज मुहूर्ताचा दिवस. अनेक मांडवांत पंगती बसतील. दोन घोट पिऊन टाकून दिलेल्या छोट्या बाटल्यांऐवजी पानाशेजारी तांब्या-भांडे मांडण्यास यजमानांना कोणती अडचण आहे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.